दोन नावांची वही

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)

व्यासपीठावरचे आपले सगळे गुरुजन, काकू, आणि १९९६ च्या दहावीच्या माझ्या मित्र-मैत्रिणींनो,

संयोजकांनी मला 'आपले हेडसर' हा विषय दिला. चिठ्ठीत खाली एक ओळ होती : 'शाळेसाठी घरादाराकडे न पाहणारे व्यक्तिमत्त्व, या अंगाने बोलावे.' चिठ्ठी कोणी लिहिली ते मला माहीत आहे, तो समोरच बसलाय आणि आता मान खाली घालून हसतोय. त्याच्यावर राग नाही. श्रद्धांजलीच्या सभेत आपण असंच बोलतो. माणूस मोठा म्हटला की त्यानं घराकडे पाठ फिरवलीच पाहिजे, असा काहीतरी आपला समज आहे. पण त्या अंगाने मला बोलता येणार नाही, कारण ते खरं नाही. सर घराकडे पाहत होते. रोज पाहत होते, ठरल्या वेळी पाहत होते आणि सगळ्या गावाला ते दिसत होतं.

भाषणाच्या तयारीसाठी मी सरांच्या मुलीला सोलापूरला फोन केला. ती आपल्याच वर्गातली, 'अ' तुकडीत तिसऱ्या बाकावर बसायची, सगळ्यांना आठवत असेल. शाळेत वडिलांना ती 'सर'च म्हणायची. एकदा तिच्या तोंडून 'आप्पा' निघून गेलं तर सगळा वर्ग हसला होता आणि सरही हसले होते. ती फोनवर म्हणाली, "काय बोलायचं ते बोल. फक्त आप्पांचा देव करू नको. देवाला भाकरी थापता येत नाही."

तर भाकरीपासूनच सुरू करते. पहाटे सर चुलीपुढे बसून ज्वारीच्या भाकरी थापायचे. काकूंच्या बोटांचे सांधे धरलेले, त्यांना पीठ मळता यायचं नाही. आपल्या गावात १९९४-९५ साली पुरुषानं भाकरी थापणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. पारावर त्याच्यावर पुष्कळ विनोद झाले. आपणही केले. पहिल्या तासाला सर बीजगणित शिकवायला आले की मागच्या बाकावरून कुजबुज यायची, बोटाला खडू लागलाय की पीठ? सरांना हे ऐकू जात होतं. एकदा फळ्याकडे तोंड ठेवूनच ते म्हणाले, "पीठ आहे. समीकरण उतरवून घ्या."

सर मारत नव्हते असं मात्र मी म्हणणार नाही. छडी कपाटात असायची आणि वर्षातून तीन-चारदा बाहेर यायची. ज्यांनी खाल्ली ते इथे आहेत. त्यांचं त्यांनी बोलावं.

सरांचा जन्म १९३८ चा. तेव्हा आपला भाग हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे लहानपणी ते आधी अलिफ, बे, पे शिकले. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं तेव्हा ते दहा वर्षांचे होते. आपल्या शाळेत मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन व्हायचं, त्या दिवशी सर भाषण करायचे नाहीत. गावातल्या एखाद्या म्हाताऱ्याला बोलावून त्याला बोलायला लावायचे. ते आजोबा कधी दोन मिनिटं बोलायचे, कधी तासभर, आणि आम्ही उन्हात उभे. आता वाटतं, बरं झालं उभे राहिलो.

आपली बॅच आठवीत होती तेव्हाचा भूकंप. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन छप्पन्न. आदल्या रात्री गणपती विसर्जन, माणसं उशिरा झोपलेली. किल्लारी आपल्यापासून फार लांब नाही. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवद, अशी घरं झोपलेल्या माणसांवर बसली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं होत्याची नव्हती झाली. आपल्या गावात माणसं वाचली, पण भिंती तडकल्या. शाळेच्या मधल्या इमारतीला भेगा पडल्या आणि दिवाळीनंतरही आपले वर्ग लिंबाखाली भरत होते. भूकंपानंतर पाऊस लागला. धक्के थांबत नव्हते, त्यामुळे घरात झोपायला कोणी तयार नव्हतं. सगळं गाव बाहेर, पालाखाली नाही तर पत्र्याखाली.

त्या महिन्यात आपल्या वर्गात सात-आठ नवी मुलं आली. पडलेल्या गावांतली. कोणी मामाकडे आलेलं, कोणी आत्याकडे. त्यांच्यातला एक आज या सभागृहात आहे. त्याचं नाव घेत नाही, त्याला ते आवडणार नाही. या मुलांची शाळा पडलेली, दप्तर मातीखाली, दाखला मागायचा कोणाकडे? आणि दाखल्याशिवाय नाव दाखल करायचं कसं? पुष्कळ ठिकाणी अशी मुलं नुसती वर्गात बसवून घेतली गेली, कागदाचं नंतर पाहू म्हणून. सर तसं करायला तयार नव्हते. ते म्हणायचे, आज नुसतं बसवलं तर दहावीचा फॉर्म भरताना हे पोर उघड्यावर पडेल.

शाळेचं जनरल रजिस्टर ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे, त्यात जन्मतारीख अंकात आणि अक्षरात, दोन्ही लिहावी लागते. तीच तारीख दहावीच्या सर्टिफिकेटवर जाते आणि पुढे जन्मभर माणसाच्या मागे राहते, नोकरीला, पासपोर्टला, पेन्शनला. मुलांना आपली तारीख माहीत नव्हती. ज्यांना माहीत असायची ती माणसं गेली होती. एखाद्या आत्याला एवढंच आठवायचं की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाला, किंवा आषाढी एकादशीला हिच्या आईला कळा सुरू झाल्या. सरांनी गावातल्या भटजींकडून जुनी दाते पंचांगं मागवली. १९७९, ८०, ८१ ची. लिंबाखाली सतरंजी टाकून एकेका मुलाला, त्याच्या नातेवाइकाला समोर बसवलं आणि पोळा, एकादशी, अमावास्या यांच्यावरून तारखा काढल्या. नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं करून घेतली, शिक्षणाधिकाऱ्यांना पत्रं पाठवली. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी प्रत्येकापुढे चारच शब्द लिहिले : 'मूळ दाखला भूकंपात नष्ट.' मी गेल्या महिन्यात शाळेत जाऊन ती पानं पाहिली. निळ्या शाईत आहेत. कुठे खाडाखोड नाही.

आता जे सांगते ते काकूंना विचारून सांगते.

त्या दोन महिन्यांत सर घरी नव्हते. मुलांची नोंद, मदतीच्या धान्याचं वाटप, पत्र्याचे वर्ग, तहसीलच्या चकरा. रात्री अकराला यायचे, पहाटे पाचला निघायचे. काकू, दोन मुली आणि सरांची म्हातारी आई मैदानाच्या कडेला पत्र्याखाली, खाली ओल. काकूंचे सांधे आधीपासून दुखत होते. त्या ओलीत ते इतके सुजले की डिसेंबरात त्यांना पेला धरता येईना. संधिवात. सरांच्या मुलीच्या शब्दांत सांगते : "आप्पांनी सगळ्यांच्या पोरांच्या जन्मतारखा शोधल्या. आमची आई कधीपासून पेला दोन हातांनी धरतेय, ते त्यांना माहीत नव्हतं."

ते कळलं त्या दिवशी सर काही बोलले नाहीत म्हणे. चुलीपुढे बसले आणि पीठ मळायला घेतलं. पहिल्या भाकरी कोणालाच खाता आल्या नाहीत. काकू हसतायत, म्हणजे खरं आहे.

पुढच्या आठवड्यात शाळेत ती वही आली. दोनशे पानी, लाल बांधणीची. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ती माहीत नसेल, कारण ती शिक्षकांसाठी होती. पण इथे बसलेले गुरुजन लगेच ओळखतील. शाळेतलं प्रत्येक काम त्या वहीत लिहिलेलं आणि प्रत्येक कामापुढे दोन नावं. वेळापत्रक : दोन नावं. शिष्यवृत्तीचे फॉर्म : दोन नावं. दहावीचे बोर्डाचे फॉर्म, पगारबिलं, डेडस्टॉक, पाण्याच्या टाकीची चावी, सगळ्यांपुढे दोन. प्रत्येक कपाटाला दुसरी किल्ली करून घेतली. घंटासुद्धा शिपाईमामांनी एका आठवीतल्या मुलाला शिकवून ठेवायची. आणि काम कसं करायचं ते खाली पाच-सहा ओळींत सरांच्या अक्षरात. कोणत्या तारखेला, कोणता नमुना, कुणाची सही, कुठल्या फडताळात. पहिल्या पानावर 'मुख्याध्यापक' असा मथळा होता आणि त्यापुढेही दोन नावं होती. एक सरांचं, दुसरं आपल्या पर्यवेक्षक बाईंचं.

गणिताचे सर मला परवा म्हणाले की सुरुवातीला शिक्षकांना हे मुळीच आवडलं नव्हतं. प्रत्येकाला वाटलं, आपल्यावर भरवसा नाही म्हणून दुसरं नाव लावलंय. एका शिक्षकांनी तर महिनाभर किल्ली दिली नाही. सरांनी त्यांच्याशी वाद घातला नाही, स्वतःच्या टेबलाची दुसरी किल्ली आधी बाईंच्या हातात ठेवली.

त्यानंतर मधल्या सुट्टीत सर घरी जायला लागले. शाळेच्या मागेच घर. काकूंना जेवायला वाढायचे, आईला औषध द्यायचे, आणि घंटेच्या आत परत. संध्याकाळी शाळा सुटली की अर्ध्या तासात निघायचे. 'मी नसलो तर शाळेचं कसं होईल' हे वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही.

१९९५ ची तपासणी आठवते? पंधरा दिवस आपण भिंती रंगवत होतो, तक्ते लावत होतो. नेमक्या त्या तारखेला काकूंना सोलापूरच्या डॉक्टरांनी बोलावलेलं. सर पहाटेच्या एसटीनं काकूंना घेऊन सोलापूरला गेले. तपासणी पर्यवेक्षक बाईंनी करून घेतली. अधिकाऱ्यांनी मागितलेला प्रत्येक कागद पाच मिनिटांत टेबलावर आला. शेरा चांगला मिळाला. तरी वरच्या एका पदाधिकाऱ्यांना ते आवडलं नाही. दुसऱ्या दिवशी ते ऑफिसात येऊन बोलले, शाळेपेक्षा बायको मोठी झाली का म्हणून. दार उघडंच होतं, शिपाईमामांनी ऐकलं आणि मामांनी ऐकलं म्हणजे गावानं ऐकलं. सर म्हणाले, "तपासणी शाळेची होती, माझी नव्हती."

सरांना आदर्श शिक्षक पुरस्कार मिळाला नाही याची खंत आपल्यातले पुष्कळ जण बोलून दाखवतात. त्यासाठी स्वतःची फाइल तयार करावी लागते, फोटो, कात्रणं, प्रमाणपत्रं लावून. सरांनी ती केली नाही. मला त्याची खंत नाही. ती फाइल करायला लागणारा वेळ कुठे गेला ते मला माहीत आहे, त्यातला थोडा आमच्या घरात गेला.

दहावीचा निकाल लागला तो जून १९९६. सर त्याच वर्षी ५८ पूर्ण होऊन निवृत्त झाले, म्हणजे आपल्याबरोबरच शाळेतून बाहेर पडले. मला गणितात चांगले गुण होते. आमचं किराणा दुकान. दादांचं म्हणणं, बारावी इथेच तालुक्याला करावी, मग डी.एड. करावं, तोवर स्थळं बघता येतील. मुलींना फी माफ होती हो, पण लातूरला ठेवायचं म्हणजे राहणं, खाणं, आणि 'लोक काय म्हणतील' याला कुठे माफी होती?

एका संध्याकाळी सर आमच्याकडे आले. एकटे नाही, काकूंना घेऊन. मला नंतर कळलं की मुलीच्या घरी जायचं असलं की ते काकूंना बरोबर घेऊनच जात. मुलाच्या घरी एकटे. आमच्या घराला पाच उंच पायऱ्या. काकू एकेका पायरीवर थांबून वर आल्या. सर ओसरीवर दादांशी बोलत बसले, पावसाविषयी, तुरीच्या भावाविषयी. शिक्षणाचा विषयच काढला नाही. काकू आत स्वयंपाकघरात आल्या. त्यांना खाली बसता येत नव्हतं म्हणून आईनं पिठाचा डबा सरकवला, त्यावर बसल्या. आणि पदराच्या गाठीतून एक कागद काढला. त्यात सरांच्या अक्षरात सगळा हिशेब होता. वसतिगृहाचे किती, मेसचे किती, एसटीचे महिन्याला दोन फेऱ्यांचे किती, पुस्तकं जुनी कुणाकडून मिळतील. काकूंनी आईला तो वाचून दाखवला. आई सातवी शिकलेली, तिनं तो पुन्हा स्वतः वाचला. मग त्या दोघी बराच वेळ हळू आवाजात बोलत होत्या, मला बाहेर पाठवलं होतं. काय बोलल्या ते आईनं मला कधी सांगितलं नाही आणि काकूंना मी आज सकाळी विचारलं तर म्हणाल्या, "ते आमचं आमचं."

रात्री आई दादांशी काय बोलली तेही मला माहीत नाही. सकाळी दादांनी मला विचारलं, लातूरला पहिली एसटी किती वाजता आहे.

लातूरला बारावी झाली, मग औरंगाबादला इंजिनिअरिंग, २००२ मध्ये डिग्री. त्यानंतर आजपर्यंत पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्या धंद्यात एक जुनी खोड आहे. जो माणूस रात्री दोनला फोन उचलतो, रजा घेत नाही, ज्याच्यावाचून सगळं अडतं, त्याला टाळ्या मिळतात. माझ्या एका टीममध्ये असा एक जण होता. त्याला टायफॉइड झाला आणि बारा दिवस आम्हाला एक साधा बदल करता आला नाही, कारण पासवर्ड आणि अक्कल दोन्ही त्याच्याचकडे. मला तेव्हा लाल वही आठवली. माझ्याकडे टीम आली तेव्हा मी पहिलं काम केलं ते हे की प्रत्येक कामापुढे दोन नावं लिहिली. माझ्या कामापुढेही. पोरं कुरकुरली, आपल्या शिक्षकांसारखीच. पुढे सासऱ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा मी दीड महिना रजेवर होते. एकही फोन आला नाही. खरं सांगू? थोडं वाईटही वाटलं. सरांनाही त्या तपासणीच्या दिवशी सोलापूरच्या दवाखान्यात बाकावर बसून तसं वाटलं असेल का, हे विचारायचं राहून गेलं.

शेवटची एक गोष्ट सांगून थांबते, संयोजक घड्याळ दाखवतायत.

२०२३ मध्ये मराठवाड्यात निजामकाळातल्या जुन्या नोंदी शोधायचं काम निघालं. गावोगावच्या शाळांची रजिस्टरं बाहेर आली. आपल्या शाळेची सगळ्यात जुनी दोन रजिस्टरं उर्दूत आहेत. ती वाचणार कोण? गावात उर्दू लिपीतलं ते जुनं वळणदार हस्ताक्षर वाचू शकणारं कोणी उरलं नव्हतं. सरांना बोलावून आणलं. पंचाऐंशी वर्षांचे, हातात काठी. आताचे मुख्याध्यापक मला सांगत होते, सर आले, खुर्चीवर बसले, रजिस्टराकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "मला कशाला त्रास दिला? पश्चिमेच्या कपाटात खालच्या फडताळात मराठी यादी आहे."

होती. निवृत्तीच्या आधीच्या वर्षात, रोज थोडी थोडी करत, सरांनी त्या दोन्ही रजिस्टरांतली नावन् नाव मराठीत उतरवून ठेवली होती. पान नंबर, अनुक्रम, सगळं. जिथे शब्द नीट लागला नाही तिथे प्रश्नचिन्ह. कपाटाला किल्ल्या दोन होत्या, त्यातली एक हरवली होती, दुसरीनं उघडलं.

सर गेल्या वर्षी गेले. आपल्या बॅचनं त्यांच्या स्मरणार्थ पैसे जमवले आहेत आणि प्रवेशद्वारावर कमान बांधावी असा ठराव पुढे आला आहे. मी काकूंशी बोलले. त्या म्हणाल्या, कमानीखालून पोरं पळत जातात, वर कोण बघतं. त्यांना विचारून मी दुसरा प्रस्ताव ठेवते आहे. शाळेची जुनी रजिस्टरं, उर्दू धरून, कडांना चुरायला लागली आहेत. ती सगळी नीट स्कॅन करून घ्यायची. लाल वहीसुद्धा. मशीन, साठवण, बॅकअप हे मी बघते. पण पानं उलटायला, नंबर जुळवायला माणसं लागतील. दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस. यादी बाहेरच्या टेबलावर ठेवली आहे. रोजच्या कामापुढे दोन रकाने आहेत. सात दिवसांचं एकेक नाव आलंय, आठवा दिवस पूर्ण मोकळा आहे. जेवायच्या आधी दुसरे रकाने भरावेत.